मोतीच्या तोंडाचा निकाल

९ नोव्हेंबर २००३, रविवार

वाडीवर. आबांनी भात कापताना विळा अंगठ्यावर ओढून घेतला. मी पाणी तापवून, कापूस शोधून ओटीवर येईपर्यंत उपचार आटोपलेले. आबा अंगठा पुढे धरून बसलेले आणि मोती डोळे मिटून चाटतोय.

म्हटलं, आबा, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली सून घरात आहे, निदान तिच्यासमोर तरी नको.

"कुत्र्याच्या जिभंत औषद असतं गो. माज्या आज्यानं जन्मभर हेच केलं. नव्वदीला गेला."

कशानं गेले, असं विचारलं. आबा भाताकडे बघायला लागले. आतून आईंनी (सासूबाईंनी) सांगितलं, "कुत्रं चावून."

वि. हसत बसला. नवरा आहे, पण बापापुढे त्याचं माझ्याहून कमी चालतं. मला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी आंबेनळी घाटात जीप उलटली तेव्हा आबांची पाणथरी (प्लीहा) काढावी लागली. पाणथरी नसलेल्या माणसाला साधा जंतूही भारी पडतो, हे मी दर दिवाळीला सांगते. आबांचं म्हणणं, स्टेपनी काढली म्हणून गाडी थांबते का?

१० नोव्हेंबर

महाड. लॅब. दिवसभर लघवीच्या बाटल्या आणि भारनियमन. जंतू उबवायची पेटी वीज गेली की थंड, आली की तापते. जंतूंनी तरी काय करावं.

डॉ. के. (मालक; काटकसरीत डॉक्टरेट) विचारत होते, पेटी दुपारी बंद ठेवली तर चालेल का. सांगितलं, आपल्याला चालेल, त्यांना नाही चालणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पोलादपूरच्या बूथवरून चुलतदीर सुभाषचा फोन. "वैनी, आबांना लय ताप हाय. कायबाय बडबडतात. पायावर जांभळं डाग आल्यात. जीप निघाली."

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले लेप्टो. आमच्याकडे मलेरिया ठरेपर्यंत प्रत्येक ताप लेप्टोच असतो. रक्त मीच काढलं. आबांनी डोळे उघडून मला म्हटलं, "मास्तर, पाढे पाठ हायत." ओळखलं नाही मला.

लॅबला पळाले. काचपट्टी रंगवून लेन्सखाली धरली. पांढऱ्या पेशींच्या पोटात बारीक, टोकाशी निमुळत्या काड्या. एकदोन नाहीत, गच्च. रक्तातले जंतू असे नुसत्या पट्टीवर दिसायला लागले म्हणजे फार झाले. 

पुण्याला दे. मॅडमना फोन. एम.एस्सी.ला त्यांच्या हाताखाली होते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पाणथरी आहे का? घरात कुत्रा आहे का? मी नाही म्हटलं, मग हो म्हटलं.

"मग पेनिसिलिन आत्ता. नाव मागाहून शोधू."

डॉक्टरांनी ऐकलं. एका लॅबवालीचं ऐकलं. हे विसरायचं नाही.

१३ नोव्हेंबर

ताप तसाच. वि. दवाखान्यातल्या बाकावर बसून आहे. मी संडासात जाऊन रडून आले. आईंनी ओळखलं असावं. डबा उघडून भाकरी हातात ठेवली. "तू जेवलीस का त्यांना उतार पडंल." हे कुठल्या शास्त्रात बसतं माहीत नाही. जेवले.

१५ नोव्हेंबर

आबा शुद्धीवर. पहिलं वाक्य, "मोतीला भाकर कोन घालतंय?" दुसरं, इथली पेज पचपचीत हाय. म्हणजे परत आले.

डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं काळी पडलीत. ती बहुधा जातील. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, नांगराला तशी लागत नाहीत.

औषध सुरू व्हायच्या आधीचं रक्त आगरच्या, म्हणजे जंतूंच्या जेवणाच्या, ताटल्यांवर लावून ठेवलंय. या जंतूला आपली मोकळी हवा मानवत नाही, जरा कोंदट लागते. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी यंत्र असतं. आमच्याकडे काचेची बरणी. आत ताटल्या, त्यांच्यावर पेटती मेणबत्ती, झाकण घट्ट. मेणबत्ती गुदमरून विझली की हवा तयार. मेणबत्ती घरातलीच, पुतणीच्या वाढदिवसाची, चारच्या आकड्याची.

१७ नोव्हेंबर

ताटल्या कोऱ्या. दिलीपला (लॅबमधला जोडीदार) सगळं धुवायची घाई. "मॅडम, काय आलं नाही, निगेटिव्ह लिहा ना." सांगितलं, हा सुस्त प्राणी आहे, वेळ लावतो. बरणीवर चिठ्ठी चिकटवली, हात लावू नये.

दुपारी बघते तर बरणीपुढे झेंडूचं फूल. झाडणाऱ्या शेवंताबाईंना विचारलं.

"आत दिवा लावता, वर हात लावू नका लिवता. म्हटलं सोवळ्यातला देव असंल."

फूल राहू दिलं.

१८ नोव्हेंबर

भारनियमन वाढलं. बरणी घरी आणली, गोधडीत गुंडाळून गरम पाण्याची पिशवी लावली. पाणी निवलं की उठून बदलायचं. वि. म्हणाला, पुढेमागे मूल झालं तर आपल्याला सवय असेल. मी पाणी बदलायला उठले. बरं वाटलं पण.

२० नोव्हेंबर

उगवले! टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके, कडा पसरलेल्या, जणू हळूच सरपटत निघालेत. लेन्सखाली त्याच निमुळत्या काड्या. दिलीपला दाखवले. तो म्हणाला, एवढ्याशासाठी एवढं?

वि. रजा टाकून ताटली पुण्याला घेऊन गेला. नीट सीलबंद डब्यात, डबा मांडीवर. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, मिठाई का? म्हणाला, हो, बायकोनं केलीय.

२५ नोव्हेंबर

दे. मॅडमचा फोन. तोच निघाला. कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस. कुत्र्याच्या तोंडात सुखानं नांदतो, कुत्र्याला काही करत नाही, शंभरातल्या बहुतेक माणसांनाही नाही. पाणथरी नसलेला सापडला की मात्र दया माया नाही.

डॉ. के. ना नाव सांगितलं. म्हणाले, आपल्या छापील रिपोर्टवर एवढी जागा नाही. मग हळूच विचारलं, आपल्या लॅबनं पकडला ना? हो म्हटलं. दिवसभर येईल त्या पेशंटला सांगत होते.

२७ नोव्हेंबर

आबांना आमच्या महाडच्या खोलीवर आणलं. डॉक्टरांनी निघताना स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर दर वेळी वाचतीलच असं नाही. कुत्रा लांब ठेवा.

वि. नं आल्या आल्या विषय काढला. मोतीला दासगावला मामांकडे पाठवू. मामांकडे जागा आहे, नदी आहे.

आबांनी बोटांची पट्टी नीट केली. मग म्हणाले, "मोतीचाच जंतू, कशावरून? वाडीतलं समदं कुत्रं माज्या ओटीवर पडलेलं असतं. समदी माजा हात चाटतात. एकट्या गरिबावर आळ का?"

 मुद्दा बिनतोड होता.

"तू तपास गो. वाडीतल्या समद्या कुत्र्यांची तोंडं तपास. मोतीचा निघाला तर मी सोता त्याला दासगावला सोडून येतो. शब्द हाय माजा."

आबांचा शब्द म्हणजे शब्द. मी हो म्हटलं. शब्द मिळाला म्हणून वि. नं संध्याकाळी बासुंदी आणली.

२९ नोव्हेंबर

डॉ. के. ची परवानगी मागितली. ताटल्या लॅबच्या नाहीत, माझ्या मी करणार, हे दोनदा सांगितल्यावर मिळाली. आबा आजच सुभाषबरोबर वाडीवर गेले, ऐकलं नाही. सुभाषला सांगून ठेवलं, उद्या मी कुत्र्यांच्या तोंडाचे नमुने घ्यायला येते, लोकांना कल्पना दे.

३० नोव्हेंबर, रविवार

वाडीवर. एवढी शिस्त आमच्याकडे मतदानाला नसते. प्रत्येक दारात कुत्रं बांधलेलं, शेजारी मालक उभा. मी काडीला कापूस गुंडाळून तयार. सुभाषचा वाघ्या, जो यष्टीवर सुद्धा धावून जातो, त्यानं आपणहून तोंड उघडलं. डोळे अर्धे मिटलेले. कमळाकाकूंची चिंगी दोन पावलं चालली आणि तिरकी होऊन बसली. काकू कौतुकानं म्हणाल्या, "गुणाची हाय."

सगळ्यांच्या तोंडाला लाळेच्या धारा. सगळीकडे एक ओळखीचा वास, कुठला ते काही आठवेना.

मोती तेवढा नेहमीसारखा. पहिल्या काडीचे दोन तुकडे, दुसरी पळवली. आबांनी न बोलता त्याचं डोकं मांडीवर धरलं तेव्हा तिसरी जमली.

परत निघताना वि. म्हणाला, वाडीतल्या लोकांना विज्ञानाची एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं वाटलं.

५ डिसेंबर

निकाल. सगळ्या ताटल्या जवळजवळ कोऱ्या. वाघ्या कोरा, चिंगी कोरी. फक्त मोतीच्या ताटलीवर दाट वस्ती, आणि तिच्यात आपले ते सरपटणारे ठिपके.

कुत्र्याचं तोंड इतकं स्वच्छ? मी स्वतःचं तोंड लावलं असतं तरी याहून जास्त उगवलं असतं. पण ताटली दाखवते ते दाखवते. वि. खूश. मीही व्हायला हवं होतं. आबांना हे सांगायचं मलाच.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी वाडीवर जाऊन सांगितलं.

"नक्की?" आबांनी विचारलं.

ताटल्या तसं म्हणतात, असं मी म्हटलं. आबा उठले. खुंटीवरची साखळी काढली. मोतीला वाटलं रानात जायचंय, तो नाचायला लागला. आबांच्या पायात वहाण नीट जाईना, काळ्या बोटांमुळं. मला तिथं थांबवेना.

आत आई भांडी आपटत होत्या. एकदम बाहेर आल्या.

"तरी मी म्हनत व्हते घासा म्हनून! अख्ख्या वाडीनं घासलं. तुमालाच तेवढा धर्म सुचला."

काय घासलं?

हळूहळू निघालं सगळं. सुभाषनं वाडीत सांगितलं होतं, महाडची मॅडम कुत्र्यांची तोंडं तपासणार, नापास होईल त्याला गाडी घेऊन जाणार. झालं. अख्ख्या वाडीनं आपापल्या कुत्र्याला आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पहाटे मिसरी लावली. बायका स्वतःच्या दातांना लावतात तीच, तव्यावर भाजलेली तंबाखू. बोट घालून, दाढांपर्यंत. वर चुळा भरवायला गरम पाण्यात मीठ. म्हणून चिंगीचा तोल जात होता. म्हणून तो वास. रोज सकाळी आईंच्या पदराला येतो तो.

मी एम.एस्सी., पहिला वर्ग.

"आणि मोतीला?"

"मी मिसरी घेऊन बसले व्हते," आई म्हणाल्या, "यांनी हात धरला माजा. म्हनले घरची पोर तपासनार हाय, तिला फसवून काय मिळवायचं."

आबांना म्हटलं, इतरांनी घासलंय हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग आत्ता साखळी काढेपर्यंत गप्प का बसलात?

"लोकांच्या चुगल्या मी का करू?"

मी साखळी त्यांच्या हातातून घेऊन परत खुंटीला लावली. मागच्या पडवीत गेले आणि तोंड धुतलं. एवढा मान मला या घरात कधी मिळाला नव्हता, आणि तो असा, कुत्रं जायची वेळ आली तेव्हा कळला.

१३ डिसेंबर

आज न सांगता वाडीवर गेले, पुन्हा नमुने घ्यायला. आधी सुभाषला घेऊन घरोघर सांगितलं, गाडीबिडी काही येणार नाही, कुणाचं कुत्रं जाणार नाही. कमळाकाकूंनी देवाची शपथ घ्यायला लावली. घेतली.

वाघ्याला धरायला तीन माणसं लागली. चिंगीनं माझी ओढणी फाडली. काकू म्हणाल्या, "आता बरी हाय."

१९ डिसेंबर

जवळपास प्रत्येक ताटलीवर तो जंतू आहे. वाघ्यात आहे. चिंगीत आहे. सरपंचांच्या घरच्या पांढऱ्या, केसाळ, मुंबईहून आणलेल्या कुत्र्यातही आहे.

दुपारभर एकच काम केलं. आबांच्या रक्तातला जंतू डावीकडे, कुत्र्यांचे एकेक करून उजवीकडे. मोतीचा तसाच. वाघ्याचा तसाच. चिंगीचा तसाच. डोळे दुखायला लागले. काड्या त्याच, ठिपके तेच, आमच्याकडच्या सगळ्या चाचण्यांना उत्तरं तीच.

दे. मॅडमना फोन. त्या म्हणाल्या, "जात एक असली तरी सगळे सारखे घातक नसावेत असं मला वाटतं. एखादा वाण रक्तात शिरून टिकतो, दुसरा जन्मभर तोंडात गप्प बसतो. पण कुठला कोणता, हे ओळखायची खूण आज माझ्याकडेही नाही. सगळे जपून ठेव आणि मला पाठव. कधीतरी कळेल."

कधीतरी. आणि परवा रविवारी मी वाडीवर काय सांगू?

२० डिसेंबर

वि. शी भांडण. म्हणजे आवाज न चढवता, खालच्या घरमालकांमुळं.

"तू नुसतं सांग, मोतीचाच आहे. तुझ्या शब्दावर ते त्याला सोडून येतील."

तसं दिसत नाहीये, म्हटलं.

"मोतीचा नाही, असंही दिसत नाहीये ना?"

नाही.

"मग? एकदा मी त्या बाकावर बसलोय. पुन्हा बसायचं नाहीये मला."

त्याचं बरोबर आहे. हेच तर अवघड आहे. एक वाक्य खोटं बोलायचं आणि आबा दहा वर्षं जास्त जगण्याची शक्यता. वाडीतली बाकीची कुत्री ओटीवर येतीलच, पण जखम काही ते वाघ्याला चाटू देणार नाहीत, तो मान मोतीचा. मोती गेला की ती खोड गेली. हिशेब सरळ आहे. मोतीला दासगावला काय कमी पडणार आहे.

भाजीत मीठ दोनदा पडलं. दोघांनीही मुकाट्यानं खाल्ली.

२१ डिसेंबर, रविवार

वाडीवर गेलो. जेवणं झाल्यावर आबा ओटीवर येऊन बसले. नवीन धोतर. मोती पायाशी. साखळी खुंटीवरून काढून त्यांनी शेजारी ठेवलेली होती, आधीच. वि. दारात उभा, माझ्याकडे बघत.

"बोल गो. तू सांगशील ते."

तोंड उघडलं तेव्हाही माझं नक्की ठरलेलं नव्हतं. हे खरं लिहिते.

सांगितलं, वाडीतल्या जवळपास सगळ्या कुत्र्यांच्या तोंडात तो आहे. मोतीच्याही आहे. तुमच्या रक्तात शिरला तो कुणाचा, ते मला कळत नाही. पुण्याच्या मॅडमनाही नाही. मोतीचा असू शकतो.

वि. आत निघून गेला.

आबांनी मोतीकडे बघितलं. "म्हंजे मोती सुटला नाय."

नाही.

"आनि अडकला पन नाय."

नाही.

मग जे हसायला लागले ते थांबेचनात. पोटावरचा जीपचा टाका दाबून धरून हसले. "एवढं शिकलीस, एवढ्या ताटल्या केल्यास, आनि कळत नाय म्हनायला वर चढून आलीस?"

मला हसू येत नव्हतं. सांगितलं सरळ, आबा, मला भीती वाटते. त्या दिवशी तुम्ही मला ओळखलं नव्हतं. चाटून घेऊ नका. जखम झाली की साबण, गोळी, आणि मला फोन. एवढं तरी कबूल करा.

त्यांचं हसू ओसरलं. मोतीच्या कानामागं खाजवत म्हणाले, "माज्या पोरानं, इनूनं, तुला खोटं सांगायला सांगितलेलं ना?"

 हो म्हटलं.

"मला वाटलंच. कालपासनं मनाची तयारी करून बसलेलो. तू म्हनली असतीस तर आजच्या यष्टीनं घेऊन गेलो असतो त्याला. मंग का नाय सांगितलंस?"

"तुम्ही मिसरी लावू दिली नाहीत म्हणून."

 आबांनी धोतराच्या टोकानं नाक पुसलं आणि सुभाषला हाक मारून उगाच बैलांचं काहीतरी विचारलं.

निघताना पाया पडले. मोती नेहमीप्रमाणं आबांचा हात शोधायला आला. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात काखेत घातले, थंडी वाजल्यासारखे. मोती घुटमळला, एकदा माझ्याकडे बघून भुंकला. मला म्हटलं असेल काहीतरी.

वि. नं मोटारसायकल पहिल्या उताराला घातली. मग म्हणाला, "गोळ्या दिल्यास ना?" दिल्या म्हटलं, आईंकडे.

वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. फाट्याच्या वळणावर बघितलंच. ओटीवर दोघं होते, जवळजवळ बसलेले. हात कुठे होते ते तेवढ्या लांबून दिसलं नाही.